सातनंबरचे सहा आरसे

दिवसभर बस चालवून घरी आलेला माणूस काय करतो? पाय वर करून पडतो, टीव्ही लावतो, फार तर बायकोशी थोडी हुज्जत घालतो. सातनंबर मात्र हातपाय धुऊन, चहाचा कप घेऊन कॉम्प्युटरसमोर बसायचा आणि ट्रक चालवायचा.

खेळातला ट्रक, पण बाकी सगळं खऱ्यासारखं. माल भरायचा, सिग्नल पाळायचे, टोल द्यायचा, आणि शेकडो मैलांवर नेऊन तो माल न सांडता उतरवायचा. या खेळात कोणी कोणाला गोळ्या घालत नाही की कोणी खजिना शोधत नाही. वेळेवर आणि धड पोचलात की जिंकलात. हे ज्याला कंटाळवाणं वाटतं त्याने सातनंबरशी या विषयावर बोलू नये, कारण तो दीड तास बोलेल.

सातनंबर हे नाव डेपोतलं. बावीस वर्षं तो सात नंबरच्या मार्गावर होता. साहेब बदलले, गाड्या बदलल्या, तिकिटांची मशीनं बदलली. सात नंबर आणि हा, दोघं जागचे हलले नाहीत. पहाटेची पाळी, दुपारी दोनला सुटका, आणि तीनच्या आत पुन्हा स्टिअरिंगवर. हे घरचं स्टिअरिंग जेवणाच्या टेबलाच्या कडेला क्लॅम्पने आवळलेलं असायचं. खाली तीन पेडल, आणि ती सरकू नयेत म्हणून त्यांच्यामागे जुन्या टॉवेलात गुंडाळलेली एक वीट.

“बावीस वर्षं गाडी चालवून याचं पोट भरलं नाही,” त्याची आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. “याला झोपेत क्लच दाबताना मी बघितलंय.”

बायको काही म्हणायची नाही. ती सरकारी दवाखान्यात वॉर्डची सिस्टर होती आणि घरीदारी सगळे तिला सिस्टरच म्हणत. दिवसभर तीस पेशंट सांभाळून आलेल्या बाईला नवरा एका जागी गप्प बसलेला दिसला तर त्यात तक्रार कसली?

तक्रार असलीच तर ती दुसऱ्या नादाची. कॉम्प्युटर घरी आल्याला नऊ वर्षं झाली होती, आणि त्या नऊ वर्षांत एकही वर्ष असं गेलं नव्हतं की सातनंबरने त्याचं पोट फाडलं नाही. कधी मेमरी वाढवली, कधी जुनी डिस्क काढून नवी बसवली, कधी प्रोसेसरवरचा पंखा बदलला. काम करताना त्याच्या चेहऱ्यावर असा काही आनंद असायचा की आईला वाटे, लग्नातही हा इतका खूष नव्हता. सुटे स्क्रू ठेवायला त्याने आईचा गोळ्यांचा डबा घेतला होता, तो सात वारांच्या सात खणांचा. लांब स्क्रू सोमवारात, आखूड मंगळवारात. आईने एकदा चष्मा न लावता मंगळवार उघडला आणि एक स्क्रू पाण्याच्या घोटासकट तोंडापर्यंत नेला. तेव्हापासून डब्यावर ‘लोखंड’ असं लिहिलेलं होतं.

आता ताफ्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळं दुखणं तिथलंच.

हा ट्रकचा खेळ एकट्याने खेळता येतो तसा इंटरनेटवरून पुष्कळांनी मिळूनही खेळता येतो. अशा एकेचाळीस जणांचा एक ताफा होता. दर रविवारी दुपारी ते आपापल्या घरून एकाच रस्त्यावर आपापले ट्रक आणत आणि एकामागोमाग एक शिस्तीत चालवत. कोणी कोणाला कधी पाहिलेलं नव्हतं, हेडफोनवरचे आवाज तेवढे ओळखीचे. एक निवृत्त मास्तर होते, ताफा त्यांनीच उभा केला होता. एक दातांची डॉक्टरीण होती. घड्याळं दुरुस्त करणारा एक जण होता, त्याला सगळे घड्याळजी म्हणत. नियम कडक. मध्ये चाळीस मीटरचं अंतर ठेवायचं, ओव्हरटेक करायचा नाही, आणि सर्वात पुढचा, म्हणजे म्होरक्या, सांगेल तेच करायचं. वर्षातून एकदा मोठा ताफा निघे. चार तासांचा प्रवास, आणि म्होरकेपण पाळीपाळीने.

गेल्या वर्षी ती पाळी सातनंबरची होती.

आपण खऱ्या आयुष्यात बस चालवतो हे त्याने ताफ्यात कोणाला सांगितलं नव्हतं. आधी विषय निघाला नाही म्हणून, मग मुद्दामच. त्याच्या मनात एक बेत होता. मोठा ताफा नीट न्यायचा, सगळे पोचले की कोणीतरी म्हणेलच, वा, छान चालवता हो. मग सहज, काही विशेष नसल्यासारखं सांगायचं. बावीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही असं डेपोच्या फळ्यावर त्याचं नाव होतं. पण डेपोत ते वाचतो कोण? इथे चाळीस माणसं अशी होती की ज्यांना गाडी चालवणं म्हणजे काय हे कळत होतं. त्यांच्यासमोर एकदा म्हणायचं होतं, मी ड्रायव्हर आहे.

तिसऱ्या तासाला एका वळणदार पुलावर त्याच्या पडद्यावरचं चित्र गोठलं. पुरते चार सेकंद. म्होरक्याचं चित्र गोठलं की बाकीच्यांना त्याचा ट्रक भर रस्त्यात दगडासारखा थांबलेला दिसतो. मागचा आदळला, त्याच्यावर त्याच्या मागचा. चित्र सुटलं तेव्हा पुलावर चाळीस ट्रकांची रास होती आणि कोणाचं तरी दूध नदीत वाहत होतं.

खेळच तो, कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण हेडफोनमध्ये घड्याळजीचा आवाज आला, “साहेब, लायसन्स कुठल्या जत्रेत मिळालं?” सगळे हसले. सातनंबर म्हणाला, कॉम्प्युटर अडकला. “नाचता येईना, अंगण वाकडं,” घड्याळजी म्हणाला, आणि पुन्हा हसणं. त्या दिवसापासून ताफ्यात त्याचं नाव पडलं खोळंबा.

आता कुठल्या तोंडाने सांगणार, की मी ड्रायव्हर आहे?

वर्षभर त्याने कॉम्प्युटरवर सूड उगवावा तशी मेहनत केली. मेमरी दुप्पट केली. इंटरनेटची तार बदलली. प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणारं वाळलेलं मलम खरवडून वाटाण्याएवढं नवं लावलं. शेवटी ग्राफिक्स कार्ड आणलं, म्हणजे पडद्यावरचं चित्र काढणारा मुख्य कामगार. दुकानदार खोकं हातात देताना म्हणाला, “काका, यावर लोक सिनेमे बनवतात. तुम्ही काय करणार?”

“ट्रक चालवणार,” सातनंबर म्हणाला. दुकानदाराने विषय वाढवला नाही.

घरी येऊन बघतो तर कार्ड कॉम्प्युटरच्या पेटीपेक्षा दोन बोटं लांब. त्याने कार्डाची ताकद, वीज, वजन, सगळं महिनाभर वाचलं होतं; लांबी तेवढी मोजली नव्हती. रोज बारा मीटरची बस गल्लीबोळातून काढणाऱ्या माणसाची ही गत. पण तो हटला नाही. रिकामी पेटी काखोटीला मारून डेपोत गेला, तिथल्या फिटरकडून आतली जुन्या डिस्कची जाळी कापून घेतली, कडा कानशीने घासून घेतल्या आणि संध्याकाळी कार्ड सरकवलं. खट्ट करून खटका बसला. त्या खट्टने त्याच्या अंगावर काटा आला. पंखे फिरले, दिवे लागले, आणि पडद्यावर असा काही सूर्यास्त उगवला की आईसुद्धा स्वयंपाकघरातून बघायला आली.

“हे कुठलं गाव?” तिने विचारलं.

“गाव नाही, आई. खेळ आहे.”

“असू दे. छान आहे,” ती म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

मोठ्या ताफ्याला तीन आठवडे उरले होते. सातनंबरने मास्तरांना फोन लावला आणि पुन्हा म्होरकेपण मागितलं. मास्तर म्हणाले, “हे बघ, मी सगळ्यांशी बोलतो. पण एकच संधी. पुन्हा अडकलास तर म्होरक्यांच्या यादीतून नाव कायमचं जाईल. आणि माझं ऐकशील तर सेटिंग्ज कमी कर. झाडं, सावल्या, सगळं कमी.”

“सगळं केव्हाच कमी केलंय, सर.” आणि हे तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला.

सरावासाठी मास्तरांनी बारा जण दिले. पहिल्याच फेरीत, एका वळणावर, चित्र अडकलं. क्षणभरच, पण अडकलं. सातनंबरने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि नुसता बसून राहिला. वर्षभराची मेहनत, कापलेली पेटी, नवं कार्ड, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. एकटा चालवला की ट्रक लोण्यासारखा पळे. मागे दहाबारा गाड्या लागल्या की घोडं अडलंच. त्या दिवशी तो जेवला नाही, आणि नवरा जेवला नाही हे मात्र सिस्टरच्या नजरेतून सुटणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती ड्युटीवरून आली ती एक वही घेऊनच त्याच्या शेजारी बसली. वहीत तिने पट्टीने रकाने आखले होते.

“हे काय?” त्याने विचारलं.

“चार्ट. पेशंटला रोज संध्याकाळी ताप येतो म्हणून आपण लगेच औषध बदलत नाही, अहो. आधी लिहून काढतो. ताप कधी आला, आधी काय खाल्लं, कोण भेटायला आलं होतं. तुम्ही वर्षभर नुसतीच औषधं बदलताय.”

“अगं, पण तुला यातलं काय कळतं?”

“मला पेशंटमधलं तरी कुठे सगळं कळतं? मी लिहिते. तुम्ही चालवा.”

आणि तिने लिहिलं. सलग आठ दिवस, रोज दीड तास. चित्र अडकलं की वेळ, रस्ता, वेग, झाडं किती, पाऊस होता की ऊन. पुढे काय दिसत होतं. मागे काय दिसत होतं. सातनंबर कुठे बघत होता. तिने नवऱ्याला इतका वेळ सलग कधी पाहिलं नव्हतं. तिला एक गोष्ट दिसली जी तिने कुठल्या रकान्यात लिहिली नाही: हा माणूस सरळ रस्त्यावरसुद्धा दर पाचसहा सेकंदांनी आरशात बघतो. डावा, उजवा, आतला. त्याला ते कळतही नव्हतं.

नवव्या दिवशी तिने वही त्याच्यापुढे सरकवली.

“एकटे असलात की पेशंट ठणठणीत. नातेवाईक भेटायला आले की बीपी वाढतं. आणि ते पण कधी, तर वळणावर. सरळ रस्त्यावर मागचे ट्रक एकमेकांच्या आड असतात. वळलात की सगळे एकदम आरशात दिसतात. हे बघा, आरशात तीन ट्रक, काही नाही. सात ट्रक, किंचित. अकरा ट्रक, अडकलं. अकरा वेळा लिहिलंय मी, एकदाही चुकलं नाही. तुमचे आरसे आजारी आहेत.”

सातनंबरने वही बघितली, मग पडदा, मग पुन्हा वही. मग सेटिंग्ज उघडली आणि यादीत खाली खाली गेला. आरसे: सहा. दर्जा: सर्वोत्तम. आणि त्या क्षणी सगळा उलगडा झाला. कॉम्प्युटरला समोरचा देखावा एकदाच काढायचा असतो. पण प्रत्येक आरसा म्हणजे मागचा देखावा आणखी एकदा. सहा आरसे म्हणजे सहा वेळा, आणि प्रत्येकात अकरा अकरा ट्रक. बिचारं कार्ड एका वेळी सात चित्रं काढत होतं.

खेळ घेतला त्या दिवशी त्याने आरसे सहा आणि सर्वोत्तम केले होते आणि त्यानंतर त्या ओळीकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. झाडं कमी करता येतात, ढग कमी करता येतात. आरसा ही कमी करायची गोष्ट आहे हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. ताफ्यातल्या बाकी चाळीस जणांनी पहिल्याच आठवड्यात आरसे दोन आणि बारीक केले होते, कारण खेळणाऱ्याला आरसा म्हणजे शोभा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. वर्षभर त्याने गावाला वळसे घातले होते.

त्याने मास्तरांना सांगितलं. मास्तर हसले. “अरे, मग प्रश्नच मिटला. दोन कर, लहान कर. म्होरक्याने पुढे बघायचं असतं.”

त्याने आरसे दोन केले, लहान केले, आणि निघाला. चित्र पाण्यासारखं वाहू लागलं. आणि पहिल्याच चौकात त्याने पाय उचलला. डावीकडे बघावं तर धुरकट चौकोन, त्यात काहीतरी हलतंय, ट्रक की भिंत कळत नाही. दहा मिनिटांत त्याने गाडी कडेला घेतली.

“काय झालं?” सिस्टरने विचारलं.

“मला नाही जमत. डोळे बांधून चालवल्यासारखं वाटतं. मागे कोण आहे ते दिसत नसेल तर मी पाय कुठल्या भरवशावर दाबू?”

जित्याची खोड म्हणा, पण हा माणूस खोटं बोलत नव्हता. यादीतून नाव जाणार, आणि ज्या गोष्टीमुळे आपण खरे ड्रायव्हर आहोत त्याच गोष्टीमुळे जाणार, या विचाराने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकोसमोर ते लपवायचा त्याने प्रयत्न केला आणि लपलं नाही.

तिने पडद्याकडे बोट दाखवलं. “मला एक सांगा,” ती म्हणाली. “कार्डाला सगळंच झेपत नाही ना? मग वॉर्डात आम्ही करतो तसं करा. खाटा कमी पडल्या की ज्याला बरं आहे त्याला घरी पाठवतो. तुम्हाला सूर्यास्त लागतो का?”

“नाही.”

“झाडांना पानं?”

“नाही लागत.”

“पाण्यात पुलाचं प्रतिबिंब? सावल्या? ढग? रस्त्याकडेची माणसं?”

“माणसं असू देत,” तो म्हणाला. मग विचार करून म्हणाला, “पण त्यांचे चेहरे नसले तरी चालतील.”

दोघं शेजारी बसून एकेक पेशंट घरी पाठवू लागली. आधी ‘कमी’ केलेल्या गोष्टी ‘बंद’ केल्या. सावल्या गेल्या, ढग गेले, गवत गेलं, नदी निळ्या पत्र्यासारखी सपाट झाली. डोंगरांच्या जागी तपकिरी त्रिकोण उरले. आणि त्या सगळ्या उजाड मुलखात सहा आरसे मात्र आरशासारखे लखलखीत, मागचा प्रत्येक दिवा, प्रत्येक चाक त्यात दिसत होतं. बारा जणांना घेऊन त्याने वळणावर वळणं घेतली. अडकलं नाही. वीस जणांना घेऊन घेतली. नाही अडकलं.

आई चहा घेऊन आली आणि पडदा बघून तिथेच थबकली. “एवढं नवीन कार्ड आणलं आणि हे चित्र? सूर्य कुठे गेला?”

“घरी पाठवला,” सिस्टर म्हणाली.

मोठ्या ताफ्याच्या रविवारी दुपारी दोन वाजता एकेचाळीस ट्रक एका बंदरात उभे होते. सातनंबर सर्वात पुढे, मास्तर सर्वात मागे, शेपटीला. हेडफोनमध्ये गलबला चालला होता. “खोळंबा, आज पूल चुकवून जा हं,” घड्याळजी म्हणाला. त्याचा ट्रक मधोमध, सतरावा होता. सातनंबरने हातातलं घड्याळ काढून ठेवलं, पाणी प्यायलं, सहाही आरसे एकेक करून तपासले आणि गिअर टाकला.

पहिले दोन तास सुरळीत गेले. तिसऱ्या तासाला तो वळणदार पूल आला. एकेचाळीस ट्रकांची रांग पुलावर वळली तेव्हा डावा आरसा या कडेपासून त्या कडेपर्यंत दिव्यांनी भरला. सिस्टरने श्वास रोखला. आईने, तिला काही कळत नसताना, रोखला. चित्र अडकलं नाही. पुलाचे खांब एकेक करून शांतपणे मागे गेले, आणि सातनंबरच्या खांद्यांवरून वर्षभराचं ओझं उतरलेलं सिस्टरला पाठीवरून दिसलं.

इथे गोष्ट संपली असती तरी त्याला पुरे होतं. पण डोंगरउतार अजून बाकी होता.

उतारावर रस्ता डावीकडे वळत वळत खाली येतो. अशा ठिकाणी डाव्या आरशात अख्खी रांग शेपटीपर्यंत दिसते. सातनंबर सवयीने मोजत होता. बसमध्येही प्रत्येक थांब्यावर तो आरशात माणसं मोजतो. चाळीस. पुढच्या वळणाला पुन्हा चाळीस. त्याच्या पुढच्या वळणाला सतरावा ट्रक जरा डुलला. दिवे क्षणभर गेले आणि आले. त्याच्यापुढचं अंतर वाढलं, मग एकदम कमी झालं. हेडफोनमध्ये सगळे गप्पा मारत होते. डॉक्टरीणबाई दाढेचा कुठला तरी किस्सा सांगत होत्या. कोणालाच काही दिसलं नव्हतं. दोन बारीक आरशांत दिसणार काय?

“सगळ्यांनी ऐका,” सातनंबर म्हणाला. आवाज शांत, बसमध्ये ‘पुढे सरका’ म्हणतात तसा. “अठरापासून मागच्यांनी पाय उचला. ब्रेक नको, नुसता पाय उचला. अंतर दुप्पट करा. सोळापर्यंतच्यांनी आहे तोच वेग धरा. सतरा, तुमचं चित्र नीट आहे का?”

सतराकडून उत्तर आलं नाही.

“अठरा, आता हळूहळू ब्रेक. मागच्यांनो, अठराचे दिवे बघा. घाई नको. थांबायला भरपूर जागा आहे.”

आणि घड्याळजीचा ट्रक भर उतारावर, वळणाच्या तोंडाशी, दगडासारखा थांबला. अठरावा त्याच्यामागे वीस मीटरवर येऊन उभा राहिला. त्याच्यामागे एकोणिसावा. एकेक करून चोवीस ट्रक उतारावर थांबले, शेपटीच्या मास्तरांपर्यंत. कोणी कोणाला शिवलं नाही. आपल्यामागच्या पंधरांना सातनंबरने खालच्या मोकळ्या पट्टीवर नेऊन कडेला लावलं.

चार मिनिटांनी घड्याळजीचा आवाज आला, धाप लागल्यासारखा. “माझं... माझं सगळंच अडकलं होतं. कोण कोण आदळलं? मी किती जणांना खड्ड्यात घातलं?”

“कोणालाच नाही,” सातनंबर म्हणाला. “होतं असं. सावकाश या. आम्ही थांबलोय.”

ही चार वाक्यं बोलताना त्याला जे वाटलं ते साधंसरळ सांगायचं तर असं: त्याला आनंद झाला. घड्याळजी अडकला याचा नव्हे. टोमणा मारायची इतकी सोन्यासारखी संधी समोर आली आणि आपल्याला ती नको वाटली, याचा.

सहा वाजायला दहा मिनिटं असताना ताफा पोचला. गोदामाच्या आवारात एकेचाळीस ट्रक ओळीने लागले. मास्तरांनी हजेरी घेतली, एक ते एकेचाळीस, आणि प्रत्येक आकड्याला “आहे” असं उत्तर आलं. इतक्या वर्षांत मोठा ताफा पूर्ण पोचला नव्हता. कोणी ना कोणी दरवर्षी खड्ड्यात जायचंच.

“एक विचारू का?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तुम्हाला कळलं कसं? सतराव्या नंबरचं, पहिल्या गाडीतून?”

“आरशात दिसलं.”

“इतक्या मागचं आरशात कोण बघतं?” घड्याळजी म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

सातनंबरने स्टिअरिंगवरचे हात काढले. शेजारी सिस्टर बसली होती. तिने त्याच्याकडे बघितलं आणि मान हलवली. वर्षभर तोंडात घोळवलेलं वाक्य होतं, पण आता ते सहज, काही विशेष नसल्यासारखं म्हणायचं त्याला सुचलं नाही.

“मी बस चालवतो. शहरात. बावीस वर्षं झाली. आमच्याकडे शेवटचा माणूस उतरून त्याचा पाय जमिनीला लागलेला आरशात दिसल्याशिवाय गाडी हलवत नाहीत.”

एकदम सगळेच बोलू लागले. खरी बस? किती लांब? ती वळवताना मागचं चाक कसं सांभाळता? पावसात ब्रेक किती आधी लावता? उतारावर गिअर कुठला ठेवता? मास्तरांनी नेहमीच्या दराऱ्याने सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाले, एकेकाने विचारा, आणि पहिला प्रश्न माझा आहे.

आईने दोनदा जेवायला हाक मारली. सिस्टरने तिला खुणेनेच थांबवलं आणि त्याच्यापुढचा गार झालेला चहा उचलून दुसरा करायला गेली. सव्वा तास तो बोलत होता. चाकांविषयी, वळणांविषयी, अंधूक काचेविषयी, पाठीमागच्या दाराशी रेंगाळणाऱ्या म्हाताऱ्यांविषयी. बावीस वर्षांत लाखो माणसं त्याच्या पाठीमागे बसून सुखरूप उतरून गेली होती. तू हे करतोस तरी कसं, असं विचारणारी ही पहिलीच चाळीस.